शुभंकरांचा गट कुठे भरतो? (सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

स्नेहा (ए-६०४), सकाळी ९:१२
नमस्कार. हे इथे विचारावं की नाही, यावर दोन दिवस घालवले. माझ्या धाकट्या भावाला आठ महिन्यांपूर्वी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. त्याला विचारूनच लिहितेय. औषधं चालू आहेत, डॉक्टर चांगले आहेत, तो हळूहळू सावरतोय. प्रश्न आईचा आहे. ती घराबाहेरच पडत नाही. रात्री त्याच्या खोलीच्या दाराशी चटई टाकून झोपते. डॉक्टर म्हणाले, घरच्या लोकांचे गट असतात, आईंना तिकडे न्या. फोनवर शोधलं तर नुसत्या जाहिराती आल्या. कोणाला प्रत्यक्ष माहिती आहे का? सिंहगड रस्त्याच्या बाजूला असेल तर फार बरं होईल. आई लांब यायला तयार होणार नाही.

देशपांडे काका (बी-१०२), ९:२०
स्नेहा, वाचून वाईट वाटलं. पण बाळा, घरातली गोष्ट एवढ्या मोठ्या ग्रुपवर? उद्या भावाच्या नोकरीचा, लग्नाचा प्रश्न येईल. मला फोन करायचा होतास.

स्नेहा, ९:२४
काका, तुम्ही काळजीपोटी म्हणताय. पण आठ महिने आम्ही हेच केलं, कोणाला काही कळू दिलं नाही. आई त्यानंच खंगली.

महेश (सी-७०१), ९:२६
आईंना सकाळी आमच्या योगासनांच्या बॅचला पाठव. मन प्रसन्न राहतं. विचार कमी करायला सांग.

विद्याताई (सी-३०१), ९:५८
महेश, बॅचला जरूर येऊ देत, पण स्नेहाचं विचारणं वेगळं आहे. मी सांगते.

अकरा वर्षं मी अशा गटात जातेय. माझी मोठी बहीण आजारी आहे, आईवडील गेल्यापासून माझ्याकडे असते. तुम्ही सगळे तिला संध्याकाळी बागेत बघता. धायरीला स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, आपल्याकडून रिक्षानं जाता येतं. डॉ. जगन्नाथ वाणींनी उभी केलेली संस्था. ते कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्र शिकवायचे आणि त्यांच्या पत्नीलाच हा आजार होता. म्हणजे ज्याच्या घरात हे घडलं, अशा माणसानं सुरू केलेलं काम आहे, आणि तिथे बसल्यावर ते जाणवतं. पेशंट, रुग्ण असं कोणी म्हणत नाही. शुभार्थी म्हणतात. आणि सांभाळणारे आपण, ते शुभंकर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे शब्द जड वाटले होते. मग एकदा बहिणीनं दारात आलेल्या पाहुण्यांना स्वतःहून सांगितलं, "मी शुभार्थी आहे." तोवर तिनं स्वतःबद्दल कोणालाच काही सांगितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी एक शब्द बोलले नाही. नुसती पर्स घट्ट धरून बसले होते. समोर एक निवृत्त गृहस्थ बोलत होते. मुलगा अंघोळ करत नाही म्हणून तीन वर्षं रोज सकाळी भांडलो म्हणाले. आळशी म्हटलं, शेजाऱ्यांसमोर बोललो, एकदा हात उगारला. मग इथे कळलं की उठायचं, कपडे काढायचे, पाणी घ्यायचं, एवढ्या साध्या गोष्टींची सुरुवातच त्याच्याकडून होत नाही आणि तो आजाराचाच भाग आहे. आता मी बादली काढून ठेवतो आणि "पाणी काढलंय रे" एवढंच म्हणून बाहेर जातो. आठवड्यातून तीनदा तरी अंघोळ होते. हे ऐकलं आणि मी तिथेच रडायला लागले, कारण त्याच सकाळी मी बहिणीवर त्याच गोष्टीवरून ओरडून आले होते. शेजारच्या बाईंनी काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. डॉक्टरांनी मला हे सांगितलं नव्हतं असं नाही. पण त्यांच्यासमोर दहा मिनिटं असतात, त्यात मी निम्मा वेळ गोळ्यांचं विचारायचे.

सेक्रेटरी, १०:०३
मधे लिहितोय, क्षमस्व. टँकर साडेअकराला येईल. डी विंगनं गाड्या काढून ठेवाव्यात. स्नेहा, ही चर्चा इथेच चालू द्या, माझी काहीच हरकत नाही.

प्राजक्ता (डी-५०२), १०:३१
मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, त्यामुळे थोडी भर घालते. स्नेहा, आई दाराशी झोपते हे तू लिहिलंस ते वाचून थांबले. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्वी एक गोष्ट पाहिली होती. इस्पितळातून घरी गेलेल्यांपैकी कोणाचा आजार लवकर उलटतो? ज्या घरात सतत टीका होते तिथे तर उलटतोच, पण जिथे माणूस क्षणभरही एकटा सोडला जात नाही, घरचे अष्टौप्रहर त्याच्यातच अडकलेले असतात, तिथेही उलटण्याचं प्रमाण जास्त दिसलं. कृपा करून हे आईंना दोष म्हणून सांगू नकोस. आईमुळे स्किझोफ्रेनिया होतो ही जुनी समजूत साफ चुकीची आहे, तिनं फार आया पोळल्या. मुद्दा इतकाच की आईंनी आठवड्यातून दोन तास बाहेर जाणं हे भावाच्याही उपचाराचाच भाग आहे. तिला तसंच सांग. "तुझ्यासाठी जा" म्हटलं तर ती जाणार नाही. "त्याच्यासाठी जा" म्हटलं तर जाईल.

आता नावांचा घोळ. ग्रुप थेरपी म्हणजे प्रशिक्षित थेरपिस्ट घेतो ती. माणसं मोजकी, साधारण सात-आठ, ठरावीक सत्रं, आधी एकेकाशी वेगळं बोलून मगच प्रवेश, आणि बहुतेक ठिकाणी फी. स्वमदत गट किंवा आधारगट म्हणजे त्याच वाटेनं गेलेली माणसं एकत्र बसतात. तो बहुधा मोफत किंवा नाममात्र वर्गणीत चालतो, कधीही सुरू करा, कधीही थांबा. तुझ्या आईला आत्ता दुसरा हवाय. चिंता, नैराश्य, माणसांत मिसळण्याची भीती अशा त्रासात स्वतःवर काम करायचं असेल त्यांनी पहिल्याची चौकशी करावी.

कौस्तुभ (ए-२०३), १०:४०
फीवरून आठवलं. गेल्या वर्षी मला झोपेचा आणि धडधडीचा त्रास होता, तेव्हा एका ठिकाणी 'हीलिंग सर्कल' म्हणून आठ सत्रांचे पैसे आधीच भरले. घेणारा कोणत्याही पदवीचं नाव सांगेना. दुसऱ्याच सत्रात म्हणाला, गोळ्या सोडा, त्या तुमची ऊर्जा अडवतात. मी सोडल्या. पंधरा दिवसांत परत कॅज्युअल्टीत. पैसे गेले ते गेलेच, पण त्या रात्री बायको किती घाबरली होती ते विसरता येत नाही. काय बघून जावं, प्राजक्ता?

प्राजक्ता, १०:५२
वाईट झालं, कौस्तुभ. लिहिलंस ते बरं केलंस.

थेरपीचा गट असेल तर घेणाऱ्याची पदवी सरळ विचारावी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, मागितला की मिळायला हवा. जो तो सांगायला कांकूं करतो, तिथून उठावं. गोळ्या कमी-जास्त करणं हे फक्त तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांचं काम. गटातल्या कोणीही, कितीही अनुभवी असला तरी, त्यावर बोलू नये, आणि चांगल्या गटात तो नियमच असतो. "पूर्ण बरं करू" अशी हमी देणारा गट टाळा. आणि एका भेटीवर मत बनवू नका. पहिल्यांदा सगळ्यांनाच घुसमटल्यासारखं होतं. तीन वेळा जाऊन बघा, तरी नाही जमलं तर दुसरा गट शोधा.

देशपांडे काका, ११:०५
माझी एक शंका आहे, राग मानू नका. तिथे बोललेलं बाहेर जाणार नाही याची खात्री कोण देतं? पुणं लहान आहे.

विद्याताई, ११:३६
काका, रास्त प्रश्न आहे. खरं सांगते, पूर्ण खात्री कोणीच देऊ शकत नाही. धायरीला येण्याआधी मी एका दुसऱ्या गटात होते. तिथे मी बहिणीच्या मोडलेल्या लग्नाबद्दल बोलले आणि महिन्याभरात ते एका नातेवाइकांकडून माझ्या कानावर आलं. सहा महिने मी कुठेच गेले नाही. त्या सहा महिन्यांत मी बहिणीला दोनदा मारलं. हे मी आजवर गटाबाहेर कोणाला सांगितलेलं नाही.

म्हणून आता नव्या माणसाला मी सांगते, पहिले काही वेळा फक्त नाव सांगा, तेही पहिलंच. आडनाव, गाव, नोकरी काही नको. सुरुवातीला "इथलं इथेच" हा नियम मोठ्यानं म्हणतात का बघा. म्हणत नसतील तर तुम्ही विचारा.

प्राजक्ता, ११:४१
उपचार करणाऱ्यांपुरतं सांगायचं तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय. थेरपी गटात मी जे ऐकते ते बाहेर सांगायला मला मनाई आहे. स्वमदत गटात मात्र ताई म्हणतात तसं, सगळं एकमेकांच्या शब्दावर चालतं.

सुनीता वहिनी (बी-४०३), १२:१५
ह्यांना विचारून लिहितेय. ह्यांची दारू सुटून नऊ वर्षं झाली. येरवड्याच्या मुक्तांगणमध्ये होते. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं व्यसनमुक्ती केंद्र. ह्यांच्यावर उपचार चालू होते तेव्हा मला सहचरी गटात बोलावलं. मी चिडले होते, पितो हा आणि बसवता मला? तिथे बारा-पंधरा बायका, आणि प्रत्येक जण बाटल्या कुठे लपवलेल्या सापडल्या ते सांगत होती. गिझरच्या वर, तांदळाच्या डब्यात, मुलाच्या दप्तरात. मला वाटायचं, असं फक्त आमच्याकडे. त्या दिवशी घरी येऊन मी बाटल्या शोधणं थांबवलं. शोधण्यात माझा अख्खा दिवस जायचा, ते तेव्हा लक्षात आलं.

हे अजून दर आठवड्याला एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या मीटिंगला जातात. मराठीतूनही असतात, फी नाही, नाव विचारत नाहीत. ते म्हणाले, हेही लिही: १९३५ मध्ये अमेरिकेत एएची सुरुवात झाली तीच मुळी दोन दारुड्यांच्या गप्पांतून, एक शेअर दलाल आणि एक सर्जन. उपदेश करणारे दोघांनाही भरपूर भेटले होते. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं असतं. कोणाला हवं असेल तर मला खासगीत मेसेज करा, मी कोणाला सांगणार नाही.

निखिल (डी-२०४), १२:३०
माझे आईवडील चिपळूणला आहेत. वडिलांना बायपोलर, म्हणजे कधी टोकाचा उत्साह तर कधी टोकाची उदासी. गावाकडे हे गट-बिट काहीच दिसत नाही. तिकडच्यांनी काय करायचं?

प्राजक्ता, १२:४४
आधी १४४१६ लावून बघ, टेलिमानस. केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची फोन सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जवळ काय उपलब्ध आहे ते त्यांना विचार. रात्री-अपरात्री कोणाच्याही मनात जिवाचं काही आलं तर हाच नंबर, हे सगळ्यांसाठी लिहितेय. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीलाच आहे. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची ओपीडी असते. तिथल्या समाजसेवकाला भेटायचं. कुठल्या घरात हाच आजार आहे हे त्याला माहीत असतं, आणि त्या घरांची तयारी असेल तर तो गाठ घालून देऊ शकतो. चार घरं मिळाली तरी गट होतो रे. काही गट आता ऑनलाइनही भरतात, आईला फोनवर जोडून देता येईल.

निखिल, १२:४७
आई व्हिडिओ कॉलवर छतच दाखवते, पण बघतो. आज रात्रीच बोलतो तिच्याशी.

स्नेहा, दुपारी २:१०
सगळं आईला वाचून दाखवलं. बादलीची गोष्ट दोनदा वाचायला लावली. मग म्हणाली, "त्या ताई स्वतः असतील तर येईन."

विद्याताई, २:१३
असेनच. वेळा बदलत असतात, मी आज फोन करून पुढची बैठक विचारते. तू येऊ नकोस, तू त्याच्याजवळ घरी थांब. आम्ही दोघी जाऊ.

देशपांडे काका, २:२०
विद्याताई, रिक्षा कशाला? मी गाडीनं सोडतो. बाहेर थांबतो, आत येणार नाही.

स्नेहा, २:३१
आई विचारतेय, तिथे बोलावंच लागतं का? आणि साडीच नेसून यायचं का?

विद्याताई, २:३३
बोलायला कोणी लावत नाही. घरात घालते तो ड्रेस चालेल. चष्मा मात्र घ्यायला सांग, भिंतीवर शुभार्थींनी काढलेली चित्रं आहेत, माझ्या बहिणीचंही एक आहे. ते दाखवायचंय मला त्यांना.