चीनमधलं सुरुवातीचं तांबं: मळी बघून काय कळतं?

वाशिष्ठीकाठ: ज्यांगझाई (शान्शी) इथला यांगशाओ काळातला (नवाश्मयुगातला) पितळी तुकडा चीनमधला सर्वांत जुना धातू म्हणून सांगतात. तो धरायचा का? आणि मळी (धातू वितळवताना उरणारा काचेसारखा कचरा) सापडली, तर ती खनिजातून तांबं काढल्याची की मुशीत तयार धातू वितळवल्याची, हे कसं ठरवतात? इथे कोकणात सड्यावर (जांभ्याच्या पठारावर) काळी मळी दिसली की सगळे 'लोखंडाची' म्हणून मोकळे होतात, म्हणून विचारतोय.

मूस: ज्यांगझाई बाजूला ठेवा. तांबं-जस्ताचं मिश्र खनिज कोळशात भाजलं तर चुकून पितळ होऊ शकतं, त्यामुळे अशक्य काही नाही. पण सोबत ना भट्टी, ना मळी. तो नक्की कुठल्या थरातला, याबद्दलही वाद आहेच. गान्सूतल्या लिनजियाची कांस्य सुरी (इ.स.पू. 3000 च्या आसपास) जास्त भक्कम, तरी तीही वस्तूच. काम झाल्याचा पुरावा हवा तर गान्सूतलंच शीचंगयी बघा: इ.स.पू. 2000 च्या सुमारास खनिज, मळी आणि भट्टीच्या भिंतीचे तुकडे एकाच वस्तीत.

मळीचा तुकडा कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. फायालाइटचे (लोह-सिलिकेटचे) लांबट स्फटिक, मॅग्नेटाइट (चुंबकाला चिकटणारा लोह-ऑक्साइड) आणि मध्येमध्ये तांब्याचे बारीक थेंब दिसले तर ती खनिजाची. मुशीतल्या मळीत लोह कमी, भाजलेल्या मातीची काच जास्त. तांब्याचा लाल ऑक्साइड किंवा कथलाचा ऑक्साइड दिसतो.

सडा_आणि_जांभा: एक भर. मळी नाही म्हणजे काम झालंच नाही, असं नव्हे. शुद्ध मॅलाकाइटमध्ये (तांब्याच्या हिरव्या खनिजात) सुमारे 57 टक्के तांबं असतं, त्यामुळे मळी जेमतेम पडते. तांबं 1085 अंशांना वितळतं, पण मळी पातळ व्हायला 1200 च्या आसपास जावं लागतं. तेवढी उष्णता नसली तर थेंब मळीतच अडकतात, मग ती फोडून वेचावे लागतात. भाता जोरात आणि कोळसा कमी, तर निघालेलं तांबं पुन्हा ऑक्साइड होऊन मळीत जातं.

खनिजासोबतच्या दगडातली सिलिका (वाळूतला मुख्य घटक) विरघळवायला लोहखनिज घालतात. जांभा चालेल का, असं कोणी विचारण्याआधीच सांगतो: लोह आहे, पण अॅल्युमिनाही भरपूर, मळी घट्ट होते.

हुबेमधल्या थोंगल्यूशानच्या प्राचीन तांब्याच्या खाणीजवळ (1973 मध्ये सापडली) मळीचे ढीगच्या ढीग आहेत, पण ती नंतरच्या काळातली गोष्ट. तिथल्या मळीत तांबं साधारण 0.7 टक्के उरलंय, इतका हात बसला होता.

वाशिष्ठीकाठ: मग चुंबक लावून बघितलं तर? लोखंडाची असली तर चिकटेल ना?

मूस: त्यावर जाऊ नका. मॅग्नेटाइटमुळे तांब्याची मळीही चिकटते. हिरवा डागही फसवा: कांस्याच्या वस्तूशेजारी पुरलेला कुठलाही दगड हिरवा होऊ शकतो. तुकडा न धुता, जागा लिहून ठेवा.