मदत हवी आहे : बाबांना सवाईला न्यायचंय, बसायचं कुठे?

नमस्कार मंडळी. डिसेंबर जवळ आला की आमच्या घरात एकच विषय, सवाई, म्हणजे पुण्यातला शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. बाबा ७८ वर्षांचे. महोत्सव रमणबागेत भरायचा तेव्हा तिथे सतरंजी, शाल आणि थर्मास घेऊन रात्र रात्र बसलेला माणूस. पहाटे घरी आले की आईला न उठवता स्वतःच चहा टाकायचे, आणि भैरवी गुणगुणताना तो हमखास उतू जायचा. आता रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करण्याच्या नियमावर ते दर वर्षी न चुकता कुरकुरतात, तो भाग वेगळा.

यंदा मार्चमध्ये त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. भारतीय बैठक शक्यच नाही, पण "खुर्चीवर बसून गाणं ऐकायचं म्हणजे काय सिनेमा आहे का?" हे त्यांचं म्हणणं. महोत्सव आता मुकुंदनगरला भरतो, तिथे गेल्या काही वर्षांत गेलेल्यांनी कृपया सांगा: खुर्च्यांच्या कोणत्या भागातून मंच नीट दिसतो? स्वच्छतागृह तिथून किती लांब? गेटपासून आत किती चालावं लागतं, आणि रिक्षा आतपर्यंत सोडतात का? मेट्रोने स्वारगेटपर्यंत येऊ, पण रात्री परतताना रिक्षा मिळते का? मागे एकदा अर्धा तास उभे होतो, तेव्हा गुडघा धड होता.

पाचही दिवस नाही जमणार. शेवटचा दिवस मात्र हवाच. समारोपाला सवाई गंधर्वांची भैरवीची ध्वनिमुद्रिका लागते, तेव्हा बाबा उभे राहतात. यंदाही राहणार म्हणतात, त्यामुळे कडेची खुर्ची मिळाली तर बरं.