मदत हवी आहे: टर्बो बसवलेल्या जुन्या ११८ एनईचा निळा धूर (ठाणे)

खाडीकाठचा

नमस्कार मंडळी. कोलशेतच्या एका बंद शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून असलेली प्रीमियर ११८ एनई सध्या आमच्या ताब्यात आहे. मालकी आमची नाही. गाडी ज्यांची होती ते काका आता नाहीत. काकूंना ती भंगारात घालवायची नव्हती, म्हणून 'बघा काही जमतंय का' असं म्हणून त्यांनी आम्हा मित्रांकडे किल्ली दिली. काका ही गाडी घेऊन चेन्नईजवळच्या शोलावरमच्या शर्यतींना जायचे, एवढंच त्या सांगतात. कागद एकही नाही, त्यामुळे गाडीच्या इतिहासाबद्दल आम्ही काही फुशारकी मारत नाही.

बाहेरून बघाल तर हाताने बनवलेले फायबरचे रुंद फेंडर, आत रोलकेज, खारट हवेने खाल्लेले पत्रे. पण बॉनेट उघडलं की नजर हलत नाही. निसानचं ते साधं ए१२ इंजिन, ११७१ सीसी, पुशरॉडवालं. त्याच्या कुशीत टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा! एक्झॉस्ट मॅनिफोल्ड जाड पाइप कापून, वेल्ड करून घरीच बनवलेला. एकेक वेल्ड इतका एकसारखा की आमच्यातला एकजण, जो स्वतः रबाळ्याला फॅब्रिकेशन करतो, तो बराच वेळ नुसता बोट फिरवत होता. डॅशबोर्डवर बूस्टचा (टर्बोने दिलेल्या जादा दाबाचा) काटा, आणि त्याखाली पेनाने एक रेघ. बहुतेक याच्यापुढे काटा जाऊ द्यायचा नाही, अशी काकांनी स्वतःलाच दिलेली ताकीद.

इंजिन पूर्ण उघडून बांधलं आहे. रिंगा, बेअरिंगं, व्हॉल्व्ह गाइड, गाइडची सीलं, सगळं नवीन. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळजवळ सारखं. टर्बोची कोअर (शाफ्ट, बेअरिंगं आणि सीलं असलेला मधला भाग) मात्र इथल्याच एका ट्रकवाल्या दुकानातून भरून, म्हणजे आतले भाग बदलून आणली. आता अडचण अशी: आयडलिंगला आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागून निळा धूर. पाय दाबला की बराचसा नाहीसा. दुकानदार म्हणतो टर्बो ठणठणीत आहे, इंजिनच तेल खातंय.

कार्ब्युरेटर टर्बोच्या आधी आहे, म्हणजे टर्बो त्यातून मिश्रण ओढतो आणि इंजिनला देतो. दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर नाही. डिकीत वायपरच्या पाण्याच्या टाकीसारखी एक टाकी आहे, तिची बारीक नळी पार कार्ब्युरेटरच्या तोंडापर्यंत येते. ही कशासाठी तेही कळलं तर बरं.

नेरूळचा_नाना

आधी गाडीला दंडवत. माझ्याकडे ११८ एनई होती, साधी. तिला टर्बो लावायचं धाडस कुणी केलं असेल असं वाटलं नव्हतं. ए१२चा ब्लॉक बिडाचा आणि क्रँकला पाच मेन बेअरिंगं, म्हणूनच तग धरला असेल.

ऑइल रिटर्न पाइप बघा. टर्बोतलं तेल फक्त उताराने खाली येतं, त्याच्यामागे पंपाचं बळ नसतं. पाइप बारीक असेल, वाटेत आडवा पडत असेल किंवा संपमध्ये (इंजिनखालच्या तेलाच्या पात्रात) तेलाच्या पातळीखाली उघडत असेल तर तेल तुंबतं आणि सीलमधून वाट काढतं.

खाडीकाठचा

रिटर्न पाइप चांगला जाड आहे, सरळ उतरतो आणि पातळीच्या वर उघडतो. ते सगळ्यात आधी बघितलं.

झूम_झूम

एवढा खटाटोप कशाला? एखाद्या डिझेल हॅचबॅकचा टर्बो आणि फ्युएल इंजेक्शन बसवा, विषय संपवा. निदान कार्ब्युरेटर तरी टर्बोच्या पुढे, टर्बो आणि इंजिनच्या मधे न्या.

खाडीकाठचा

मग काकांची गाडी राहिली कुठे? ती पुढे पळेल, मान्य. पण आम्हाला त्यांनी बांधलेलंच चालू करायचंय, टर्बो उशिरा जोर धरतो त्या लॅगसकट.

पिस्टनपंत

कार्ब्युरेटर पुढे नेणं एका ओळीत लिहून होतं, करताना घाम फुटतो. फ्लोट चेंबरला बूस्टचा दाब द्यावा लागतो, पेट्रोलचा दाब बूस्टपेक्षा कायम थोडा वर ठेवावा लागतो, आणि पोकळ पितळी फ्लोट त्या दाबाने चेपतो.

आता धुराकडे. खाडीकाठचे, तुमच्या पोस्टमध्येच उत्तर आहे: 'ट्रकवाल्या दुकानातून'. मी स्वतः बरीच वर्षं कळंबोलीला ट्रकांचे टर्बो भरले आहेत, म्हणून सांगतो. जुन्या डिझेलला थ्रॉटल, म्हणजे हवेची वाट उघडणारी-मिटणारी झडप नसते. त्याच्या टर्बोतल्या कॉम्प्रेसरच्या (हवा दाबणाऱ्या बाजूच्या) तोंडाशी जोरदार व्हॅक्यूम कधी येतच नाही, त्यामुळे शाफ्टवर पिस्टन रिंगसारखं साधं सील पुरतं. तुमच्याकडे थ्रॉटल कॉम्प्रेसरच्या आधी. पाय सोडला की बंद थ्रॉटलपासून इंजिनपर्यंत सगळा व्हॅक्यूम, कॉम्प्रेसरही त्यातच. तो बेअरिंग हाउसिंगमधलं तेल सीलमधून ओढून घेतो. अशा मांडणीला कॉम्प्रेसरच्या बाजूला कार्बन सील लागतं. काकांनी ते बसवलेलं असणार, दुकानदाराने ट्रकच्या सवयीने साधी रिंग टाकली असणार.

खात्री अशी करा. कार्ब्युरेटर काढून तात्पुरता थेट इनटेक मॅनिफोल्डवर जोडा. टर्बो एक्झॉस्टवर फिरू दे, पण कॉम्प्रेसरचं हवा आत घेणारं आणि बाहेर सोडणारं तोंड उघडं ठेवा. हवा आत घेणाऱ्या तोंडावर बारीक जाळी बांधा, बोट किंवा चिंधी गेली तर संपलं. आयडलिंगवर चालवा. धूर थांबला तर इंजिन निर्दोष. नुसती कॉम्प्रेसरनंतरची नळी उघडून तेल शोधू नका, तुमच्याकडे तिथून पेट्रोलही जातं, ते तेल धुऊन नेतं.

नेरूळचा_नाना

हे वाचून धागा वाचनखुणांत टाकला.

गिअरबदल

टाकीचं मी सांगतो. ते पाणी फवारण्यासाठी आहे. कार्ब्युरेटर टर्बोआधी असला की इंटरकूलर घालणं धोक्याचं, त्यात पेट्रोलचं मिश्रण साठतं आणि बॅकफायर झाला तर स्फोट. मग तापलेल्या मिश्रणाने इंजिन नॉक करू नये, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून ठोके पडू नयेत म्हणून पाणी. १९६२च्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये कंपनीनेच अशी सोय दिली होती. तिथेही कार्ब्युरेटर टर्बोच्या आधी, कॉम्प्रेशन १०.२५ला १, आणि वेगळ्या टाकीत डिस्टिल्ड वॉटर आणि मिथेनॉल. लोक टाकी भरायला विसरायचे आणि गाडी बूस्ट कमी करून टाकायची. तुमच्या गाडीत अशी स्वयंचलित सोय असेल असं वाटत नाही, त्यामुळे नळी आणि नॉझल साफ झाल्याशिवाय काट्याला त्या रेघेजवळही नेऊ नका. टाकीत नळाचं पाणी नको.

खाडीकाठचा

पंत, रविवारी तुम्ही सांगितली तशी जोडणी करून चालवलं. आयडलिंगला धूर नाही, रेस देऊन सोडलं तरी नाही! कोअर उतरवली आहे. आता कार्बन सील ठाणे-नवी मुंबईत कुठे मिळेल? आणि रिंगच्या जागी ते तसंच बसतं का?

पिस्टनपंत

तसंच बसत नाही. गॅरेट कंपनीच्या जुन्या टर्बोत बॅकप्लेट (कॉम्प्रेसरच्या चाकामागची प्लेट) आणि थ्रस्ट कॉलर (शाफ्टवरची कडी) दोन्ही त्या सीलचे वेगळे येतात. दुकानदाराकडे काकांचे काढलेले जुने भाग पडलेत का ते आजच विचारा, भंगारात जायच्या आत. मिळाले तर फक्त सीलचा कार्बन बघायचा. नाही मिळाले तर टर्बोवरच्या पट्टीचा नंबर इथे टाका, भाग शोधू. पुन्हा जोडल्यावर शाफ्ट, दोन्ही चाकं आणि कॉलर यांचं एकत्र बॅलन्सिंग करून घ्या.

खाडीकाठचा

बॅकप्लेट मिळाली, दुकानातल्या पिंपात होती. कॉलरसाठी अजून पिंप उपसतोय. पट्टीचा नंबर संध्याकाळी टाकतो.