सिंधुदुर्गातून काय आणलंत, आणि ते तिथलंच होतं का?

पिशवीवाली :
परवा माळा आवरताना एक खोका निघाला. आत मालवणच्या धक्क्यावर घेतलेला शिंपल्यांचा गणपती, तांदळावर नाव लिहिलेलं किचेन (तेल सुकलंय, तांदूळ दिसत नाही), ‘सिंधुदुर्ग’ छापलेली टोपी आणि शीड सुटलेलं गलबत. तीन ट्रिपांची कमाई! त्याच ट्रिपांतली लाकडी वांग्यांची एक जोडी मात्र अजून शोकेसमध्ये आहे. पाहुण्यांची लहान मुलं ती चावून बघतात, इतकी खरी दिसतात.

१९९७ साली सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. दुकानं तर झाली भरपूर, पण त्यातल्या निम्म्या वस्तू कुठल्याही किनाऱ्यावर मिळतील अशाच. नाताळच्या सुट्टीत परत जातोय, सासू-सासऱ्यांसकट. यंदा खोक्यात जाणारं काही आणायचं नाही असं ठरवलंय. तुम्ही काय आणलंत, कुठे फसलात, काय अजून वापरात आहे, ते सविस्तर लिहा. माशांच्या ताटाचे फोटो कृपया दुसऱ्या धाग्यावर.

डबलबेल :
वांगी चितारआळीतली असणार. सावंतवाडीत मोती तलावापासून चालत गेलं की ती आळी लागते. आम्ही गेलो तेव्हा दुकानात दर्शनी भागात चकचकीत गाड्या आणि खुळखुळे टांगलेले होते. मी एक गाडी उचलली तर दुकानदार काकाच म्हणाले, “ता चन्नपटणचा. आमचा न्हय.” (चन्नपटण म्हणजे कर्नाटकातलं लाकडी खेळण्यांचं गाव.) मग आतून एक करंडा काढला. त्यात केळी, सीताफळ, पेरू, मिरच्या. हातात घेतलं की पहिलं जाणवतं ते वजन. पांगाऱ्याचं लाकूड इतकं हलकं की पेरू उचलताना हात उगाच वर गेला. मिरचीच्या देठाजवळ रंग किंचित पिवळसर होत गेलेला, आणि पेरूवर एक छोटा तपकिरी डाग. मला वाटलं, रंग उडालाय, म्हणून दुसरा मागितला. काका हसले. दुसऱ्यावरही डाग होता, वेगळ्या जागी. पक्ष्यानं चोच मारल्याचा!

मोजून बारा फळं घेतली. बहिणीच्या मुलीच्या रुखवतात गेली, आता पुन्हा आणायची आहेत.

कुळीथपिठी :
माझा अनुभव आगळाचा. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी : आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला घट्ट रस, सोलकढीसाठी. अमृत कोकम म्हणजे साखरेचा पाक घातलेलं सरबत. आणि सुकवलेली सोलं, म्हणजे आमसुलं, हे तिसरंच. आमच्या ह्यांनी पहिल्या वर्षी आगळाच्या दोन बाटल्या सरबत समजून आणल्या आणि ऑफिसात सगळ्यांना ग्लास भरभरून पाजलं. एकानंही तोंड वाकडं केलं नाही. कोकणातलं आहे, असंच लागत असेल, असं समजून प्यायले बिचारे.

दुसऱ्या वर्षी मी स्वतः आणलं. घरगुती, पाण्याच्या जुन्या बाटलीत भरलेलं, बूच सैल. तुतारी एक्सप्रेसला वरच्या बर्थवर बॅग. पहाटे पनवेलच्या आसपास खालच्या काकूंनी हाक मारली, “अहो, तुमच्या बॅगेतून रक्त गळतंय!” त्यांची पांढरी ओढणी, माझे दोन ड्रेस आणि एक टॉवेल. डाग गेला नाही. काकू फार चांगल्या होत्या, उरलेलं आगळ मी त्यांनाच दिलं.

तीनशेवीस :
काजूबद्दल लिहितो, कारण तिथे सगळेच फसतात. दुकानात १८०, २४०, ३२० अशा पाट्या असतात. लोकांना वाटतं आकडा मोठा म्हणजे माल भारी. उलटं आहे. एका पौंडात (म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये) किती गर बसतात त्याचा तो आकडा. १८० म्हणजे मोठाले, ३२० म्हणजे मध्यम. मी पहिल्यांदा तोऱ्यात “सगळ्यात वरचा, ३२०” मागितला होता आणि दुकानदारानं अतिशय सभ्यपणे दिला. म्हणून हा आयडी.

चवीसाठी आकाराच्या मागे लागू नका. सालीसकट भाजलेले घ्या, साल हातानं सुटते. वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन आहे. आणि हो, ओले काजू डिसेंबरात शोधू नका, ते उन्हाळ्याच्या तोंडावर.

उगाचच :
@तीनशेवीस, मी आजपर्यंत तो आकडा भावाचा समजत होतो. “एवढं स्वस्त?” म्हणून खुश होऊन आत गेलो होतो.

रेतीघड्याळ :
पिशवीवाली, शिंपल्यांच्या गणपतीवरून आठवलं. मलाही मोठा शंख हवा होता, दिवाणखान्यात ठेवायला. स्टॉलवरच्या मुलाला विचारलं, इथलाच ना? तो म्हणाला, माल रामेश्वरमवरून येतो, इथे फक्त ‘मालवण’ लिहितात. नंतर कळलं की २००१ पासून काही जातींचे शंख-शिंपले आणि प्रवाळं १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या संरक्षित यादीत आहेत. म्हणजे पैसे देऊन बिल घेतलं तरी ती वस्तू घरात ठेवणं अंगाशी येऊ शकतं. साधे रस्त्याकडेचे शिंपले निराळे, पण ओळखणार कोण? मी तेव्हापासून नादच सोडला.

बहात्तरपाने :
गंजिफावर, म्हणजे हातानं रंगवलेल्या गोल पत्त्यांवर, कोणीच लिहिलं नाही अजून? मग मी जरा लांबण लावतो.

सावंतवाडीच्या राजवाड्यात तिकीट काढून आत गेलं की एका दालनात चितारी बसलेले दिसतात. मी गेलो तेव्हा एक ताई गोल पत्त्यावर कूर्म रंगवत होत्या. पत्ता साधारण बांगडीएवढा. त्यांनी कासवाच्या पाठीवरची एकेक रेघ ओढताना श्वास धरलेला होता, हे मला चौथ्या रेघेला कळलं, कारण तोवर मीही धरला होता. दशावतारी गंजिफाचा पूर्ण संच १२० पानांचा. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं : राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. पूर्वी कापडाच्या थरांना चिंचोक्याची खळ लावून पानं बनवत, वर लाखेचा हात. खेळणारे संपले, चितारीही जवळजवळ संपले होते. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी एका वृद्ध चिताऱ्याकडून ती कला शिकून घेतली आणि वाड्यातच कारखाना सुरू केला, म्हणून आज आपल्याला ती दिसते तरी.

मी किंमत विचारली. पूर्ण संचाची ऐकून गप्प बसलो. ताईच म्हणाल्या, “सुटा पण मिळता.” चहाच्या कपाखाली ठेवायच्या चकत्याही होत्या, त्या घेतल्या, सहा. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी भाच्यानं वराहावर गरम कप ठेवला. माझा जीव खालीवर. आता त्या भिंतीवर आहेत आणि कप टेबलावर थेट ठेवले जातात, टेबलाला गोल डाग पडलेत. बायकोचं म्हणणं, हे डाग धरून त्या चकत्या फार महाग पडल्या.

एक तक्रारही. शहरात परत आल्यावर एका मोठ्या दुकानात ‘हस्तकला गंजिफा’ म्हणून सहा पत्त्यांची फ्रेम घेतली. भिंग धरून पाहिलं तर छपाईचे ठिपके. शेवटी दुकानदार म्हणाला, चित्र तर हातानंच काढलं होतं, मूळचं.

झापावरचा :
कुडाळजवळ पिंगुळीला जा. ठाकर समाजाच्या चित्रकथी (एकेक चित्र दाखवत गोष्ट सांगायची जुनी कला) आणि कळसूत्री बाहुल्या. २०२१मध्ये पद्मश्री मिळालेले परशुराम गंगावणे तिथलेच, संग्रहालय आहे त्यांचं. आम्ही फक्त फोटो काढून निघणार होतो, पण मुलीनं बाहुली हातात धरली आणि दोऱ्या गुंतवल्या. सोडवायला तिथल्या दादांना दहा मिनिटं लागली. आम्ही लाजेकाजेस्तव एक चित्र घेतलं. घरातली सगळ्यात आवडती वस्तू आज तीच आहे.

सुकटभाकर :
सुका जवळा, सोडे, बांगडे. तीन पिशव्या, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर पुन्हा पिशवी. तरी एसी डब्यात ओळख पटतेच. बाकी काही सांगण्यासारखं नाही, पुढच्या वर्षी पण आणणार.

खाजेवाली :
खाजा जत्रेतल्या स्टॉलवरून घ्या, जिथे कढईतल्या आल्या-गुळाच्या पाकात शेव घोळवताना दिसते. पाकिटातला दातांची परीक्षा घेतो.

शून्यवजन :
मी आणलेली सगळ्यात स्वस्त गोष्ट : मीठ. शिरोड्याची मिठागरं. १९३०चा सत्याग्रह झाला ते शिरोडं. आजोबा त्याबद्दल नेहमी बोलायचे, म्हणून मुद्दाम वाट वाकडी केली. एका म्हाताऱ्या काकांकडे मागितलं, “थोडं मिळेल का?” त्यांनी विचारलं, “कितक्या व्हया?” मी म्हटलं, एक किलो. ते माझ्याकडे बघत राहिले. तिथे पोत्यानं नेतात. शेवटी पैसे न घेता एका कागदात बांधून दिलं. करडं, जाडं, हाताला दमट. घरी आल्यावर कैरीच्या लोणच्यात वापरलं आणि उरलेलं बरणीत आहे. पावसाळ्यात त्याला पाणी सुटतं. पण मिठाचं काम पावसाआधीच्या महिन्यांतलं, डिसेंबरात मिळेल की नाही ते तिथे विचारून बघा.

पिशवीवाली :
सगळ्यांना धन्यवाद, वहीत टिपून घेतलं. वांग्यांना जोडीला चोच मारलेला पेरू नक्की. गंजिफाच्या चकत्या घेतल्या तर टेबलाचं बघून घेईन. शिंपल्यांच्या गणपतीचं काय करायचं कुणी सांगेल का, विसर्जन चालेल? आणि आगळ घेणारच आहे, पण बाटली सासऱ्यांच्या बॅगेत.