द्राक्षबागेतील रासायनिक प्रक्रिया केलेल्या जुन्या खांबांची विल्हेवाट : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या द्राक्षबागेतील मांडवाचे लाकडी खांब बदलण्याचे काम सध्या सुरू आहे. हे खांब सीसीए प्रक्रियेचे, म्हणजे तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे द्रावण दाबाखाली लाकडात मुरवलेले आहेत. बाग लावतानाच्या पुरवठ्याच्या कागदांवर तशी स्पष्ट नोंद आहे. तोडणीयंत्राचे धक्के आणि तारांचा ताण यांमुळे दर हंगामात काही खांब मोडत गेले, आणि बहुतेक सारे जमिनीलगतच मोडले. त्यामुळे आता बांधावर साधारण चारशे खांबांचा ढीग साचला आहे. त्यात वरचे लांब तुकडे आहेत, जमिनीतून उपसून काढलेले दोन-अडीच फुटी खुंट आहेत, आणि बऱ्याचशा ढलप्याही आहेत.

सुरुवातीला मला यात काही अडचण वाटत नव्हती. लाकूडच आहे, यंत्रातून बारीक करून वेलींच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून पसरावे, असा माझा विचार होता. नंतर थोडे वाचन केले आणि कागदावर हिशेब मांडला. जमिनीत रोवायच्या लाकडासाठी दर घनमीटरला ६.४ किलो ऑक्साइडे हे प्रमाण प्रचलित आहे, आणि त्यांपैकी सुमारे ३४ टक्के आर्सेनिक पेंटॉक्साइड असते. दहा सेंटिमीटर जाडीच्या, २.४ मीटर लांबीच्या एका खांबात त्या हिशेबाने सुमारे २५ ग्रॅम आर्सेनिक येते. लाकडाच्या गाभ्यात द्रावण फारसे शिरत नाही आणि काही अंश इतक्या वर्षांत झिरपूनही गेला असेल, म्हणून हा आकडा निम्म्यावर आणला, तरी चारशे खांबांत पाच किलो आर्सेनिक उरते. हे उत्तर पाहिल्यापासून मी त्या ढिगाला हात लावलेला नाही.

एक गोष्ट मात्र आधीच घडून गेली आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. मागच्या हंगामात मी बागेत नसताना मोडक्या तुकड्यांचा एक छोटा ढीग जाळण्यात आला. त्याची राख कोपऱ्यात अजून तशीच पडून आहे, आणि त्या बाजूला कधीकधी जनावरे चरतात.

जाणकारांनी कृपया पुढील बाबतींत मार्गदर्शन करावे. लाकूड बारीक करून आच्छादनासाठी किंवा कंपोस्टसाठी वापरण्याचा काही सुरक्षित मार्ग आहे का? लांब तुकडे पुन्हा कोठे वापरता येतील आणि कोठे मुळीच वापरू नयेत? खुंट आणि ढलप्या शेवटी कोणाकडे द्यायच्या? आणि त्या राखेचे काय करावे?

प्रतिसाद १

आपण हिशेब करून थांबलात, हे फार चांगले झाले. लाकूड परिरक्षणाच्या क्षेत्रात बरीच वर्षे काम केले असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

राखेपासून सुरुवात करतो, कारण तेथे दिरंगाई चालणार नाही. सीसीए लाकूड जळताना आर्सेनिकचा काही भाग धुरावाटे निघून जातो, आणि उरलेले धातू, जे आधी संपूर्ण लाकडात विखुरलेले होते, ते मूठभर राखेत एकवटतात. त्यातील क्रोमियमचा काही अंश पुन्हा अधिक विषारी अशा षट्‌संयुजी रूपात जातो. ही राख चवीला खारट लागते, म्हणून जनावरे ती आवडीने चाटतात, आणि गुरे दगावल्याच्या घटना याच कारणाने घडलेल्या आहेत. माणसांचेही उदाहरण आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात असे लाकूड घरातील शेगडीत जाळणाऱ्या एका कुटुंबाला केस गळण्यापासून झटके येण्यापर्यंतचे विकार झाले होते, आणि त्याचा वृत्तांत १९८४ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

म्हणून आज जमले तर आजच त्या जागेला कुंपण घाला. राख उडू नये इतकेच पाणी तिच्यावर फवारा; धुऊन टाकण्याचा प्रयत्न करू नका, कारण तसे केल्यास विष जमिनीत उतरेल. मुखपट्टी, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून ती झाकणाच्या पिंपात भरा, खालचा मातीचा थर खरवडून त्यातच घाला आणि पिंपावर ठळक अक्षरांत आत काय आहे ते लिहा. मग उरलेल्या मातीचे नमुने आर्सेनिक आणि क्रोमियमसाठी तपासून घ्या. राख पुरू नका, शेतात तर मुळीच पसरू नका. ती घातक कचरा म्हणून अधिकृत केंद्राकडेच गेली पाहिजे.

आता आच्छादनाविषयी. या प्रक्रियेत तांबे बुरशीला रोखते, आर्सेनिक किडींना रोखते, आणि क्रोमियम या दोघांना लाकडाच्या तंतूंशी बांधून ठेवते. ही जोडणी पक्की असते, म्हणूनच अखंड खांब जमिनीत वर्षानुवर्षे उभा राहूनही त्यातील बहुतेक धातू लाकडातच टिकतात. (सोंती कामेशम यांनी १९३३ साली हे सूत्र शोधले, ते याच गुणासाठी.) परंतु लाकूड बारीक केले की त्याचा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो आणि पाऊस प्रत्येक कणापर्यंत पोहोचतो. कंपोस्टमध्ये तर सेंद्रिय आम्ले तयार होतात, आणि तीच धातूंची बांधणी सैल करतात. तेव्हा याला सुरक्षित मार्ग नाही. शिवाय द्राक्षबागेच्या मातीत बोर्डो मिश्रणासारख्या फवारण्यांमुळे तांबे आधीच साठलेले असते, त्यात आपण स्वतः भर घालू नये.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: लाकूड जितके अखंड ठेवता येईल तितके ठेवा. लांब तुकडे निवडून काढा, त्यांतील खिळे, आकडे आणि तारांचे तुकडे काढून टाका आणि गुरांच्या कुंपणासाठी किंवा झाडांच्या आधारासाठी वापरा. मुळात ते जमिनीत रोवण्यासाठीच बनवलेले आहेत, म्हणजे तेच काम ते पुढेही करतील. कापावे लागलेच तर उघड्यावर, खाली ताडपत्री अंथरून कापा आणि सगळा भुसा गोळा करा. भाजीपाल्याचे वाफे, चाऱ्याच्या गव्हाणी, कोंबड्यांची खुराडी, मधमाश्यांच्या पेट्या, मुलांची खेळणी आणि पाण्याच्या टाक्या यांच्यासाठी हे लाकूड वापरू नका. ज्यांना खांब द्याल त्यांनाही हे लेखी सांगा, म्हणजे पुढे कोणी अजाणता ते सरपणात घालणार नाही.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. राखेभोवती आजच कुंपण घातले आणि कामावरच्या सर्वांना कारण समजावून सांगितले. खुंट आणि ढलप्यांविषयी मात्र अजून प्रश्न आहे. एका लाकूड पुनर्वापर केंद्राने सगळे घेऊन जाण्याची तयारी दाखवली आहे. त्यांना द्यावे का? शिवाय काही खांब नंतर बदललेले आहेत आणि त्यांची कागदपत्रे नाहीत. रंगावरून ते ओळखता येतील का?

प्रतिसाद १

रंगावर विसंबू नका. नव्या सीसीए लाकडाला हिरवट छटा असते, पण उन्हापावसात ते करडे पडते आणि साध्या लाकडासारखे दिसू लागते. तांबे ओळखणारे रंगद्रव्य बाजारात मिळते, परंतु आर्सेनिक नसलेल्या तांबेयुक्त प्रक्रियेच्या लाकडावरही ते तसाच रंग दाखवते. खात्री हवी असेल तर हाती धरण्याच्या क्ष-किरण यंत्राने तपासणी करून घ्यावी. ते आर्सेनिक वेगळे दाखवते. तोपर्यंत कागद नसलेला प्रत्येक खांब सीसीएचाच समजा. काळा, तेलकट, डांबरासारख्या वासाचा खांब आढळला तर तो क्रिओसोटचा, म्हणजे लाकूड टिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या डांबरी तेलाचा असेल. त्याचा ढीग वेगळा ठेवा.

पुनर्वापर केंद्राला आधी हे लाकूड कोणते आहे ते स्पष्ट सांगा आणि ते त्याचे नेमके काय करणार हे लेखी विचारा. साध्या लाकडाबरोबर ते दळले गेले तर शेवटी कोणाच्या तरी बागेतील आच्छादनात जाते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात हे प्रत्यक्ष आढळून आलेले आहे. आम्लाने धातू काढून घेणे, लाकूड सिमेंटमध्ये मिसळून फळ्या बनवणे, नियंत्रित तापमानाला कमी हवेत त्याचे विघटन करणे अशा पद्धतींवर बरेच काम झाले आहे, पण आपल्या खुंटांसाठी व्यवहार्य मार्ग म्हणजे तळाला अस्तर असलेली आणि झिरपणारे पाणी गोळा करणारी क्षेपणभूमी. अस्तर नसलेल्या जागी ते टाकू नका. जाळायचेच असेल तर धूर शुद्ध करणारी यंत्रणा असलेल्या आणि अशा लाकडासाठी परवाना असलेल्या भट्टीतच. शेतीच्या कचऱ्याला लागू होणारे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, म्हणून प्रदूषण नियंत्रणाच्या स्थानिक कार्यालयाला आपला हिशेब जोडून पत्र लिहा.

पत्राचे उत्तर येईपर्यंत ढीग विहीर आणि ओढ्यापासून दूर हलवा, जमिनीला टेकणार नाही असा ओंडक्यांवर रचा आणि वरून ताडपत्रीने झाका. ढलप्या पोत्यांत भरून ठेवा; वाऱ्यापावसाने सर्वांत आधी त्याच पसरतात.

मूळ प्रश्नकर्ता

ढीग उद्या सकाळी हलवत आहोत. लांब तुकडे मोजून वेगळे करतो, मातीचे नमुने पाठवतो, आणि कार्यालयाचे उत्तर आले की ते याच धाग्यावर लिहितो.