एकटी, एकाकी की एकांडी माशी?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक): शाळेच्या बागेत पाट्या लावतोय, कोणत्या फुलावर कोण येतं ते मुलांना कळावं म्हणून. मधमाशीच्या गोतातल्या, पण मोहोळ न करता एकेकटी राहणाऱ्या माशीला काय म्हणावं? ‘एकाकी माशी’ काही पटत नाही. आणि भुंगा माशीत धरायचा का?

उत्तर: ‘एकाकी’ नकोच, त्यात दुःख आहे. ‘एकलकोंडी’ हा माणसाचा स्वभाव झाला. ‘एकांडी’ लिहा. एकांडा शिलेदार पदरचा घोडा घेऊन, कुणाच्या पथकात न मिसळता चाकरी करायचा. ही माशी तशीच. तिच्यात ना राणी, ना कामकरी. प्रत्येक मादी आपलं बीळ आपण शोधते, परागाचा गोळा भरते, त्यावर अंडं घालते आणि तोंड लिंपून निघून जाते. राखायला मधाचा साठाच नसतो, त्यामुळे हातात धरली नाही तर सहसा डंखही मारत नाही. जगात मधमाशीच्या गोतातल्या माश्यांच्या सुमारे 20,000 जाती आहेत आणि बहुतेक एकांड्याच आहेत. आपण मात्र सातेरी, आग्या, फुलोरी एवढ्यांनाच नावं दिली, कारण मध त्यांच्याकडे! बाकीच्यांना नावं मिळायलाच हवीत.

गुलाबापासून सुरुवात करा, नाशिक तर एके काळचं गुलशनाबाद. पानाची कड कात्रीनं कातरल्यासारखी अर्धगोल कापलेली दिसली की लोक ‘अळी पडली’ म्हणून फवारणी करतात. तिथं थांबून बघा. माशी पानाच्या कडेवर बसते, स्वतःभोवती गर्रकन वळत तुकडा कापते आणि पोटाखाली धरून उडते. त्या तुकड्यांनी ती बिळात पिल्लांच्या खोल्या बांधते. पराग पायांवर नाही, पोटाखालच्या केसांत भरते, म्हणून तिचं पोट पिवळं दिसतं. पाटीवर सरळ ‘पानकापी माशी’ लिहा. झाडाचं फारसं बिघडत नाही, हेही लिहा.

भुंगा माशीच. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात कोरडं लाकूड भेदणारा आणि कोवळ्या कळीत सापडणारा भ्रमर आहे, तो हाच. भाषेत पुल्लिंगी असला तरी लाकूड पोखरते ती मादी. ती लाकूड खात नाही, भुसा बाहेर टाकते.

दुसरं उत्तर (गिरणारे): भुंगा आणि भुंगेरा यांत गल्लत करू नका. हुमणी अळीचा होतो तो भुंगेरा, कडक पाठीचा, पानं खाणारा. आणि ‘गुणगुणणे’ वेगळं, ‘घुमणे’ वेगळं. टोमॅटो, वांग्याच्या फुलात पराग नळीसारख्या पुंकेसरांत कोंडलेला असतो. निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला मिठी मारते, पंख न हलवता अंग थरथरवते आणि आवाज एकदम चढतो. तेव्हा कुठे पराग झडतो. आमच्याकडे त्याला घुमणंच म्हणतात. सातेरीला हे जमत नाही. टोमॅटोचं फूल वाऱ्यानंही फळतं, पण घुमलेल्या फुलाला फळ चांगलं धरतं. पाटीवर हा शब्द हवाच.

प्रश्नकर्ता: ‘एकांडी’ आणि ‘घुमणे’ दोन्ही घेतो. भिंतीच्या भोकाला मातीचं बूच दिसतं, ती कोण?

उत्तर: मातीचं काम म्हटलं की लोक कुंभारीण म्हणतात, पण कुंभारीण गांधीलमाशीच्या गोतातली. ती पिल्लांसाठी अळ्या किंवा कोळी आणते. एकांड्या माश्यांतल्याही काही मातीनं तोंड बंद करतात, त्यामुळे नुसत्या बुचावरून ठरवू नका. बीळ उघडं असताना बघा: पराग घेऊन शिरली तर माशी, शिकार घेऊन शिरली तर कुंभारीण.