भाचीचा लीड्सचा प्रवेश आणि मेहुण्यांचा प्रश्न

विषय: भाचीच्या एम.ए.विषयी सल्ला हवा
प्रेषक: जुने सभासद, मुक्काम नाशिक

मंडळातील सर्वांस सप्रेम नमस्कार.

यॉर्कशायर सोडून नाशिकला परतल्याला चार वर्षे झाली, तरी ही मेलिंग लिस्ट काही सोडवत नाही, आणि आज तर लिहिण्यामागे माझाच स्वार्थ आहे. माझी भाची येवल्याची. घरी पैठणीचे दोन हातमाग आहेत. तिने वस्त्ररचनेची पदवी घेतली आणि दोन वर्षे एका व्यापाऱ्यासाठी नव्या नक्ष्या काढून दिल्या. त्यांतला एक पदर त्याने इतरांकडून विणून घेतला आणि तो दुकानात तीन रंगांत लागला. हिला कागदाचे पैसे मिळाले, पदराचे मिळाले नाहीत.

आता तिला लीड्स विद्यापीठात ‘कल्चर, क्रिएटिव्हिटी अँड आंत्रप्रनरशिप’ या एम.ए.साठी प्रवेश मिळाला आहे. मेहुण्यांचे म्हणणे असे, की उद्योजकता शिकायला एवढे पैसे मोजायचे, तर त्यांतच आणखी माग का बसवू नयेत? मी त्यांना दादासाहेब फाळक्यांचा दाखला दिला. त्र्यंबकेश्वरला जन्मलेला हा माणूस १९१२ साली विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेला आणि पुढच्याच वर्षी त्याने ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. मेहुणे शांतपणे म्हणाले, “फाळके कॅमेरा घेऊन आले. ही काय घेऊन येणार?” मला उत्तर देता आले नाही. आपल्यापैकी कोणी हा विषय शिकले असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

आपला नम्र


विषय: उत्तर: भाचीच्या एम.ए.विषयी सल्ला हवा
प्रेषक: सभासद, लीड्स

आदरणीय काका, सादर नमस्कार.

मी नेमका हाच अभ्यासक्रम केलेला नाही. लंडनला गोल्डस्मिथ्स कॉलेजमध्ये याच कुळातला एम.ए. केला आणि नोकरीसाठी लीड्सला आले, त्यामुळे दोन्हीकडची थोडी थोडी माहिती आहे. पहिली गोष्ट मेहुण्यांना सांगावी, की लीड्सचा हा एम.ए. व्यवस्थापनशास्त्राच्या विभागात नसून ‘स्कूल ऑफ परफॉर्मन्स अँड कल्चरल इंडस्ट्रीज’ या विभागात चालतो. म्हणजे शेजारच्या बाकावर हिशेबनीस नसतात, तर नाटकवाले, संग्रहालयवाले, महोत्सव भरवणारे असतात. ताळेबंद, कर्ज, मालाची उलाढाल हेच शिकायचे असेल तर अहमदाबादची १९८३ साली सुरू झालेली उद्योजकता विकास संस्था घराजवळ आहे आणि त्या कामाला ती अधिक सोयीची आहे.

मग येथे शिकवतात काय? आमच्याकडे सुरुवात अडोर्नो आणि होर्कहायमर या जर्मन तत्त्वज्ञांपासून झाली. १९४०च्या दशकात या दोघांनी ‘संस्कृती-उद्योग’ हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरला. कला कारखान्यातून निघू लागली की ती माणसाला विचार करू देत नाही, असा त्यांचा आरोप होता. पुढे १९९८ साली ब्रिटिश सरकारने ‘सर्जनशील उद्योगां’ची मोजदाद केली, त्यांत जाहिरातीपासून संगणक-खेळांपर्यंत १३ क्षेत्रे घातली आणि त्यांची व्याख्याच अशी केली, की व्यक्तीच्या सर्जनशीलतेतून आणि कौशल्यातून जन्मणारी, बौद्धिक संपदेच्या बळावर संपत्ती आणि रोजगार निर्माण करू शकणारी ती क्षेत्रे. पन्नास-पंचावन्न वर्षांत शिवीची सरकारी धोरणाची बाब झाली. ती कशी झाली आणि त्यात कोणाच्या पदरात काय पडले, हे या अभ्यासाचे मर्म आहे. मला पहिले दोन महिने हे सगळे वांझोटे वाटले होते, हेही कबूल करते.

ते वाटणे बदलले सॉल्ट्स मिलमध्ये. आपण इतकी वर्षे यॉर्कशायरमध्ये काढलीत, तेव्हा सॉल्टेअरची ती गिरणी आपण पाहिलीच असेल. टायटस सॉल्टने ती १८५३ साली सुरू केली, १९८६ साली तिचे माग थांबले, पुढच्याच वर्षी जोनाथन सिल्व्हर यांनी ती विकत घेतली आणि आज तेथे ब्रॅडफर्डच्याच डेव्हिड हॉकनी यांची चित्रे लागलेली आहेत, पुस्तके विकली जातात, लोक चहा-केक खातात. २००१ पासून ते गाव जागतिक वारसा आहे. सगळे सुंदर आहे, परंतु कापड तेथे विणले जात नाही. विणणे संपल्यानंतर संस्कृती आली. येवल्यात अजून माग चालू आहेत, आणि ते चालू असतानाच त्यांतून मिळणाऱ्या पैशाची वाटणी बदलता येईल का, हा प्रश्न घेऊन येणारी मुलगी त्या वर्गात इतरांपेक्षा चार पावले पुढे असेल.

तिच्या पदराचेच पाहा. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने ‘पैठणी’ या नावाचे रक्षण होते, तिने काढलेल्या मोराचे होत नाही. नक्षीसाठी डिझाइन कायदा, २००० आहे. त्याखाली नोंदणी केल्यास आधी १० आणि मग आणखी ५ वर्षे हक्क मिळतो, मात्र नक्षी नवी असावी लागते आणि नोंदणीचा अर्ज करण्यापूर्वी ती बाजारात आलेली चालत नाही. नोंदवता येण्याजोगी असून ती नोंदवली नाही आणि औद्योगिक प्रक्रियेने तिच्या ५०हून अधिक प्रती निघाल्या, तर कॉपीराइट कायद्याचे १५ वे कलम त्या नक्षीच्या चित्रावरचा कॉपीराइटही काढून घेते. दुकानात लागलेला तो पदर नोंदणीच्या दृष्टीने गेलाच. पुढचा मात्र जाऊ देऊ नये. आणि फाळक्यांचा दाखला मेहुण्यांना पुरा सांगावा: कॅमेरा त्यांचा, कला त्यांची, पण नाशिकची हिंदुस्थान फिल्म कंपनी भांडवलदार भागीदारांबरोबरची होती. त्यांच्याशी बिनसले तेव्हा फाळके सगळे सोडून काशीला निघून गेले. कॅमेऱ्याइतकाच करार महत्त्वाचा असतो, तो त्यांना लंडनमध्ये कोणी शिकवला नव्हता.

आता जिथे बहुतेक जण ठेचकाळतात ती गोष्ट. विद्यार्थी-व्हिसावर सत्रकाळात आठवड्याला २० तास नोकरी करता येते, परंतु स्वतःचा व्यवसाय अजिबात करता येत नाही. उद्योजकता शिकायची आणि उद्योग करायचा नाही, असा हा प्रकार आहे. बॅगेत सहा पैठण्या आणून आपल्याच मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात टेबल मांडून विकणे हेही त्यात मोडते. आपल्या लोकांना ते घरचे वाटते, म्हणून मुद्दाम लिहिते. शिक्षण संपल्यावर ग्रॅज्युएट व्हिसा मिळाला की व्यवसायाची मुभा आहे, मात्र १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या एम.ए. झालेल्यांना तो २ वर्षांऐवजी १८ महिन्यांचाच मिळणार. शुल्काखेरीज आरोग्य-अधिभार वर्षाला ७७६ पौंड, आणि राहण्या-खाण्याची रक्कम सलग २८ दिवस खात्यात पडून असावी लागते. ती वडिलांच्या खात्यात असली तरी चालते. तिचा जन्मदाखला आणि वडिलांचे संमतिपत्र सोबत जोडावे.

माझे मत विचाराल, तर माग हवे असतील तर माग घ्यावेत, त्यात काहीही गैर नाही. पदराचे पैसे कोणाला मिळावेत हे तिला शोधायचे असेल, तर पाठवावे.

आपली नम्र


विषय: उत्तर: उत्तर: भाचीच्या एम.ए.विषयी सल्ला हवा
प्रेषक: जुने सभासद, मुक्काम नाशिक

चि. ताई, अनेक आशीर्वाद.

आपले पत्र छापून रविवारी येवल्याला नेले. मेहुणे मागावर होते. पदर चालू होता. बोटभर लांबीच्या रंगीत कांड्या एकमेकींत अडकवत त्यांनी मोराची मान पुरी केली आणि मगच कागद हातात घेतला. फाळक्यांचा भाग त्यांनी दोनदा वाचला. मग पदर उलटा करून मला दाखवला. उलट बाजूला एकही धागा सुटा नव्हता. “हे मला येते. याखाली माझे नाव कसे लागेल, ते मला येत नाही,” एवढेच म्हणाले.

भाचीने नव्या नक्षीच्या नोंदणीचे कागद करायला घेतले आहेत, आणि तो अर्ज दाखल होईपर्यंत त्या नक्षीचा पदर मागावर चढणार नाही, असे घरात ठरले आहे. तिने येत्या सप्टेंबरलाच निघावे, की वर्षभर प्रवेश पुढे ढकलून तोवर रक्कम उभी करावी, यावर अजून वाद चालू आहे. मी ढकलण्याच्या बाजूचा आहे, बहीण नाही.

एक शंका उरली. आपल्या दिवाळीच्या इशाऱ्यावरून बहिणीने सहा पैठण्यांचा बेत रद्द केला, परंतु एक बॅगेत ठेवलीच आहे. ती मंडळाच्या कार्यक्रमाला नेसायची आहे, विकायची नाही. एवढी व्हिसावाल्यांना चालेल ना?

आपला काका